तेहेतिसावी

“ती काही निवडून यायची नाही गं,” आई फोनवर म्हणाली, आणि त्याच दमात, “टेसचा एक निळा मोजा इथं राहिलाय, सोफ्याखाली सापडला.” रेनाटा दातांच्या दवाखान्यातल्या मागच्या अरुंद खोलीत उभी होती. एका हातात अर्धं खाल्लेलं सँडविच, मास्क हनुवटीखाली ओढलेला. ‘ती’ म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. आज कॉकसचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या सभेचा दिवस होता, आणि सीडर रॅपिड्समध्ये आज ‘ती’ म्हणजे गव्हर्नर ट्रुडेल, ‘तो’ म्हणजे सिनेटर हॅलोरन. आणि नुसतं ‘त्याला’ म्हटलं की व्हाइट हाउसमध्ये बसलेला, ज्याला तिथून उठवायला हे सगळे निघाले होते. रेनाटा “हं” म्हणाली. एरवी ती भांडली असती. पुढची पेशंट खुर्चीत येऊन बसली होती, पण ते निमित्त. वाक्य लागलं ते रागाच्याही खाली जी एक गार जागा असते तिथे. “रस्त्यावर बर्फ आहे, संध्याकाळी तू बाहेर पडू नकोस, गुडघे सांभाळ,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला आणि उरलेलं सँडविच कचऱ्यात टाकलं.

गेलं वर्षभर टीव्हीवरचे लोक तिच्या आईबद्दलच बोलत होते. नाव घेत नव्हते, एवढंच. पासष्टीच्या पुढची, कारखान्यात हाडं झिजवलेली, रविवारी न चुकता चर्चला जाणारी बाई, ती ट्रुडेलला मत देईल का? निळ्या सुटातला एक जण नकाशावर हात फिरवत हे रोज विचारायचा, आणि बाकीचे चौघे चेहरे लांब करून मान हलवायचे. रेनाटाला वाटायचं, अरे बाबा, फोन लाव ना तिला, नंबर मी देते. लिबी कोलारिक, वय अडुसष्ट, ओटच्या गिरणीत पॅकिंगच्या पट्ट्यावर सव्वीस वर्षं. पण लिबी कोलारिकला कुणी विचारलं नाही. मग हळूहळू रेनाटानेच आईची मोजपट्टी करून टाकली. ट्रुडेल बोलत असताना आईने चॅनल बदललं नाही, म्हणजे आशा आहे. आई म्हणाली, “बाईचा कोट चांगलाय,” म्हणजे पेनसिल्व्हेनियात दोन टक्के वाढले. असला बिनडोक हिशेब तिच्या डोक्यात सतत चालू असायचा, भांडी घासताना, लेकीची, टेसची, वेणी घालताना. आज मोजपट्टीनेच तोंड उघडलं. जिथे आपल्या आईलाच पटत नाही, तिथे ओहायोतल्या, विस्कॉन्सिनमधल्या, कधी न पाहिलेल्या आयांना काय पटणार!

दुपारभर ती लोकांच्या हिरड्या खरवडत राहिली. गावातले निम्मे जबडे तिला आतून ठाऊक होते. आणि या हिवाळ्यात त्या जबड्यांमधून एकच वाक्य बाहेर यायचं, गालात कापूस असला तरी, जिभेवर लाळ ओढणारी नळी असली तरी. “मला आवडते हो ती. पण लोकांना नाही आवडायची.” बँकेतला माणूस हेच म्हणाला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर हेच म्हणाला. दोन दात काढलेली म्हातारी रक्त थुंकून हेच म्हणाली. लोक, लोक! कोण हे लोक, राहतात कुठे? या खुर्चीत तर एकजात ‘मला आवडते’वालेच येऊन बसतात. मग ते दुसरे दात घासतात कुणाकडे? कुणीतरी एक अदृश्य आडदांड माणूस प्रत्येकाने घरात पाळून ठेवला होता, आणि त्याच्या आवडीनिवडी सांभाळता सांभाळता सगळे अर्धमेले झाले होते. तिला राग यायचा तो इतका की नळी जरा आणखी खोल सारावी. ती सारायची नाही. “चूळ भरून घ्या,” म्हणायची. आज तर तेही गुळमुळीत म्हणाली, कारण तिच्याही घरात तो आडदांड माणूस आता खुर्ची ओढून बसला होता.

ऑक्टोबरमध्ये ट्रुडेल इथे आली होती. अग्निशमन केंद्रात, पॅनकेकच्या न्याहारीला. बंब बाहेर काढून ठेवले होते, आत लांब टेबलं मांडली होती, आणि सगळ्या जागेला लोणी आणि डिझेल यांचा एकत्र वास येत होता. टेस रेनाटाच्या कडेवर होती. सहा वर्षांची घोडी, पण गर्दीत तिला गोंगाट सोसत नाही. दोन्ही कानांत यंत्रं आहेत तिच्या. त्यांतल्या एकाची किंमत ऐकून कर्ट, रेनाटाचा नवरा, दुकानातच मटकन खाली बसला होता, कारण विमा कंपनी म्हणते की ऐकू येणं ही चैन आहे. अगदी या शब्दांत नाही म्हणत, पण पत्राचा अर्थ तोच. रेनाटाने हात वर करून विचारलं, असं का? इतर उमेदवारांना तिने हेच विचारलं होतं. हॅलोरनने टेसच्या डोक्यावरून हात फिरवला होता, त्याचे डोळेसुद्धा भरून आले होते, फोटोही चांगला आला होता. ट्रुडेल मात्र हसली नाही. म्हणाली, “मला माहीत नाही. बघून कळवते.” लोकांत चुळबूळ झाली. उमेदवार कधी ‘माहीत नाही’ म्हणतो का? आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं. हाताने लिहिलेलं, दोन पानी, कुठल्या कलमाखाली हे नाकारतात, कुठल्या राज्यांनी ते बदललं, आणि बदलायला किती मतं लागतील. खाली एक ओळ: तुमच्या मुलीने मला तिच्या ताटातलं अर्धं पॅनकेक दिलं होतं, तिला सांगा की ते मी खाल्लं. रेनाटाने ते पत्र स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं आणि तशीच रडली. तेव्हा तिने ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे ठरवलं होतं. मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, ते नकाशे, ते टक्के, ते जबडे. ठरवलेलं रोज थोडं थोडं किसलं गेलं.

सहाला ती गाडी घेऊन शाळेकडे निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग होते आणि गिरणीकडून भाजक्या ओटचा गोडूस वास येत होता. या वासाने तिला नेहमी बाबा आठवतात, आणि बाबा आठवले की मटार. मटारच होते त्या दिवशी ताटात. ती पंधरा वर्षांची होती. आई गिरणीतल्या युनियनच्या अध्यक्षपदाला उभी राहिली होती. पट्ट्यावरच्या बायकांना लघवीला जायलासुद्धा फोरमनची परवानगी लागायची, तिथून ते सुरू झालेलं. आई रोज पाळी संपल्यावर फाटकाशी उभी राहून बोलायची. घरी येईपर्यंत तिचा आवाज बसलेला असायचा, पण तेवढी सुंदर आई रेनाटाने आधी कधी पाहिली नव्हती. सगळे म्हणायचे, लिबी खरं बोलते, पण बॉयलरवाले बाईला मत देणार नाहीत. आई अकरा मतांनी पडली. त्या रात्री जेवताना बाबा, जे स्वतः बॉयलरवर होते, मटार चमच्यात गोळा करत शांतपणे म्हणाले, “मी वॉल्टला दिलं. तू तशीही येणार नव्हतीस. मत वाया का घालवायचं?” त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं. त्यांचं आईवर प्रेम होतं, तिच्या गाडीचं तेल ते स्वतः बदलायचे. आई उठली, मिठाची डबी आणली, त्यांच्यापुढे ठेवली. रेनाटा महिनाभर बाबांशी बोलली नाही. त्यांना वाटलं, वयच तसलं आहे. आता ते नाहीत, आणि अजून तिला कधीकधी रस्त्यात त्यांच्यासारखी टोपी दिसली की आधी जीव भरून येतो आणि पाठोपाठ संताप.

शाळेच्या व्यायामशाळेत तोबा गर्दी होती. कोट, ओले बूट, बास्केटबॉलच्या जाळ्याखाली कॉफीचं पिंप. कॉकसला पेटी नाही, पडदा नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. कोपऱ्यात शेकड्याला पंधरा माणसं जमली नाहीत तर तो कोपरा बाद, आणि बाद कोपऱ्यातल्यांनी दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जायचं. रेनाटाने गाडीतच बेत केला होता. पहिल्या फेरीत हॅलोरनकडे उभं राहायचं, समजूतदार माणसासारखं. मग नजर टाकायची. ट्रुडेलचा कोपरा जरा जरी भरलेला दिसला तर दुसऱ्या फेरीत तिकडे जायचं. चार वर्षांपूर्वी लोक असेच तर या टोकाचे त्या टोकाला जात होते. डोकंही राखलं, मनही राखलं. हॅलोरनच्या कोपऱ्याचा प्रमुख डेल ह्यूबर, निवृत्त विमा एजंट, दात उत्तम. त्याने तिच्या कोटावर हॅलोरनचा बिल्ला चिकटवला. “शाबास. मनाचं ऐकायला पुढचं आयुष्य पडलंय. यंदा जिंकायचं.” ती हसल्यासारखं करून पहिल्या पसंतीच्या कार्डावर सही करून मोकळी झाली. तेवढ्यात शाळेच्या ग्रंथपाल मिसेस टिंगली, त्या आज अध्यक्ष होत्या, शिट्टी घालणाऱ्या माइकवरून नियम वाचू लागल्या. रेनाटाने फोन काढला. नवीन पाहणी आली होती. व्हाइट हाउसमधल्याच्या समोर हॅलोरन चार टक्क्यांनी पुढे, ट्रुडेल एका टक्क्याने मागे. एक टक्का म्हणजे किती माणसं, ती विचार करत राहिली. नियम वाचून झाले होते.

मोजणी झाली. जो तो आपला आकडा मोठ्याने म्हणायचा आणि पुढच्याकडे बघायचा. हॅलोरन ब्याण्णव. तो तरुण उद्योगपती, पन्नास. वर्मॉंटचा म्हातारा प्राध्यापक, चाळीस. “ट्रुडेल,” मिसेस टिंगली म्हणाल्या, आणि त्या कोपऱ्यातून एक, दोन, तीन असे आवाज येऊ लागले. एकोणतीस. तीस. एकतीस. मग जरा खालून, खुर्चीवर बसल्या जागेवरून, बसका, ओळखीचा आवाज आला, “बत्तीस.” रेनाटाने मान वळवली. घडीच्या खुर्चीत, मांडीवर खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचेंचा, डबा घेऊन, लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून आई बसली होती. “दोनशे चौदा माणसं. तेहेतीस लागतात,” मिसेस टिंगलींनी चष्मा नीट केला. “एक कमी. हा कोपरा बाद.”

कानांत आधी काही शिरलंच नाही. मग रेनाटा धावली. म्हणजे चालली असेल, पण तिला धावल्यासारखं वाटलं. “थांबा. मी येते. मी आहे तेहेतिसावी.” मिसेस टिंगलींनी तिच्याकडे दुःखाने पाहिलं. पुस्तक हरवलेल्या मुलाकडे बघतात तसं. “रेनाटा, तू हॅलोरनकडे आहेस ना? तो कोपरा टिकला. टिकलेल्यातल्यांना आता हलता येत नाही. कार्ड पक्कं झालं. नियम वाचला मी.” “पण मागच्या खेपेला...” “मागच्या खेपेचं सोड. यंदा बदललाय. दोनदा वाचला मी, राणी.” आजूबाजूचे बघत होते. ट्रुडेलच्या कोपऱ्यातली एक मुलगी, गळ्यात गव्हर्नरचं नाव विणलेला मफलर, तिच्याकडे अशी बघत होती की त्या नजरेने रंग खरवडून निघावा. बाकीचे तिन्ही कोपरे टिकलेले, सगळे जागच्या जागी पक्के. साऱ्या व्यायामशाळेत एकही माणूस नव्हता जो आता तिथे येऊ शकत होता. एकच होती, आणि ती वीस मिनिटांपूर्वी टक्के वाचत होती.

“जा, आईला घेऊन ये,” डेल मागून तिच्या कानाशी म्हणाला. “त्या बत्तिसांतले वीस जरी आले तर आपला एक प्रतिनिधी वाढतो. तुझं ऐकतील त्या.”

ती आईसमोर जाऊन उभी राहिली. माफी मागायला आली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. “तूच म्हणालीस ना! दुपारी तूच म्हणालीस, ती निवडून यायची नाही!”

“म्हणाले. रोज म्हणते,” आई म्हणाली. “डॉक्टरला पण म्हणते, मी काही आता वाचत नाही. म्हणून गोळ्या घ्यायच्या सोडल्यात का?”

“मग म्हटलंस कशाला?”

“तू भांडशील म्हणून. वर्षभर भांडतेस माझ्याशी. ती पत्रं काय लिहिते, ती कशी खरं बोलते. मी म्हटलं, आज शेवटचं एकदा ऐकून घेऊ, मग निघू. तू ‘हं’ म्हणालीस.” आईने डब्याचं झाकण घट्ट केलं. “मला वाटलं, पोरीच्या तोंडात घास असेल.”

“तू येणार नव्हतीस ना? बर्फ होता ना?”

“तू तिथं एकटी पडशील म्हणून आले. मला काय माहीत तू ब्याण्णवांत आहेस.”

 रेनाटाला कुणावर तरी ओरडायचं होतं. निळ्या सुटावर, नकाशावर, बँकेतल्या माणसावर, नियम बदलणाऱ्यांवर, या बाईवर, जी अडुसष्ट वर्षांची होऊनही सरळ बोलायला शिकली नाही. मी तुझ्यामुळे तिकडे गेले, तिला ओरडायचं होतं. तुझ्यासारख्यांना काय वाटेल, हे जोखता जोखता मी म्हातारी झाले, आणि तू इथे बसलीस, कोलाचे घेऊन! पण खोटं होतं ते, आणि खोटं आहे हे कळत असताना राग आणखीच चढत होता, दुधासारखा, भांड्याच्या काठापर्यंत. मागे मिसेस टिंगली म्हणत होत्या, शेवटची पाच मिनिटं. लोक हिंडत होते. उद्योगपतीच्या कोपऱ्यातली पोरं बाद कोपऱ्यातल्यांना बिस्किटं दाखवून ओढत होती. मफलरवाली मुलगी कोट चढवून निघून गेली. आई तशीच बसून होती, कुठे जाण्याची चिन्हं नव्हती, आणि रेनाटाला ते बसणं सहन होईना.

“चल तिकडे,” ती म्हणाली. “इथं बसून काय होणारे? आता मत वाया का घालवायचं?”

शब्द बाहेर पडले आणि हवेत तसेच राहिले. आवाज तिचा होता. चाल तिची नव्हती. चमच्यात काहीतरी गोळा करत, हवामान सांगावं तशी ती चाल. आईने वर पाहिलं, आणि फार वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, आश्चर्यही नव्हतं. कुणीतरी खूप वर्षांनी दारात उभं राहावं आणि ओळखू यावं, तसं पाहिलं. मग तिने डबा रेनाटाच्या हातात दिला, खुर्चीच्या पाठीला धरून उठली, कार्ड उलटं करून दुसऱ्या पसंतीच्या चौकोनात हॅलोरनचं नाव लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं, एकेक वळण पूर्ण करून. सही केली. आणि व्यायामशाळा ओलांडून, गुडघे मोजत, ती समोरच्या कोपऱ्यात गेली. टाळ्या पडल्या तिथे. कुणीतरी तिच्या खांद्यावर थोपटलं. डेलने तिला बिल्ला लावला. रेनाटा रिकाम्या होत चाललेल्या कोपऱ्यात डबा घेऊन उभी होती. आईने नाही म्हणायला हवं होतं. भांडायला हवं होतं. असं ऐकून घेऊन तिने रेनाटाला कशातूनही सोडवलं नव्हतं.

मग प्रत्येक कोपऱ्याने जिल्हा अधिवेशनाला पाठवायचे आपले प्रतिनिधी निवडायचे होते. बरेच लोक निघूनही गेले होते. हॅलोरनच्या वाट्याला चार आले. तीन पुरुषांनी आपणहून हात वर केले, झालं. “चौथी बाई असलेली बरी दिसेल,” डेल म्हणाला, आणि त्याची नजर डबा घेऊन उभ्या असलेल्या रेनाटावर येऊन थांबली. “ही घ्या की! काय पटवलं आईला, दोन मिनिटांत. तरुण आहे, आई आहे, साऱ्या गावाचे दात हिच्या हाताखालून गेलेत. मी सांगतो, इथूनच काय, पुढे राज्याच्या अधिवेशनालाही ही हमखास निवडून येईल. आहे का कुणाचं काही म्हणणं?”

“निवडून येईल हो,” आई मोठ्याने म्हणाली. व्यायामशाळेत तो बसका आवाज चांगलाच घुमला. फाटकाशी उभं राहून बोलायची सवय. “निवडून यायला काहीच अडचण नाही तिला. उभी कुठं राहील, तेवढं फक्त आधी विचारून घ्या.”

सगळे हसले. मायलेकींचं चाललंय म्हणून प्रेमाने हसले. डेल तर पोट धरून. रेनाटाचा चेहरा कानांच्या पाळ्यांपर्यंत तापला. राग होता, पण प्रथमच तो कुठे ठेवावा हा प्रश्न नव्हता. दिवसभर, वर्षभर तो गावभर हिंडून आला होता आणि आता घरी आला होता. तिने डबा जमिनीवर ठेवला.

“बाजूने?” मिसेस टिंगलींनी विचारलं. हातच हात वर झाले, मोजायची गरजही पडली नाही. “विरोधात? विचारावं लागतं, नियम आहे.”

कोपऱ्याच्या कडेला, भिंतीला टेकलेल्या आईचा हात वर गेला. गाठी आलेली बोटं, मनगटाशी लोकरीचा काठ. आणि गर्दीच्या या बाजूला रेनाटाने आपला हात वर केला.

“अगं, स्वतःच्याच विरोधात?” डेल अजून हसत होता. “निवडून आलीयेस तू. खाली घे तो हात.”

“मोजा,” रेनाटा म्हणाली.

हसणं विरलं. मिसेस टिंगली पेन्सिल घेऊन पुढे आल्या, आधी भिंतीकडे टोक केलं, मग तिच्याकडे. “एक. दोन.”

“लिहिलंत?” पलीकडून आईने विचारलं.

“लिहिते.”

कागदावर पेन्सिल फिरेपर्यंत दोघींपैकी कुणीही हात खाली घेतला नाही.